दिसायला एक, अर्थ अनेक : डॉकिंग स्टेशनचा इतिहास आणि एक साधी मागणी

१/
लॅपटॉपला एकच केबल जोडावी आणि टेबलावरचे दोन-तीन मॉनिटर एकदम उजळावेत, एवढे साधे काम डॉकिंग स्टेशन करते. परंतु बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या, दिसायला जुळ्या अशा दोन डॉकपैकी एक डॉक दोन मॉनिटरवर दोन स्वतंत्र चित्रे दाखवते, तर दुसरे त्याच लॅपटॉपला जोडल्यावर एकच चित्र दोनदा दाखवते. हा भेद यंत्राच्या स्वभावातून आलेला नाही. माणसांनी समित्यांत बसून घेतलेल्या निर्णयांतून तो आला आहे. आजचा धागा त्या निर्णयांच्या इतिहासाचा आणि त्यातून निघणाऱ्या एका मागणीचा.

२/
कोणी विचारील, इतिहासप्रेमींना याचे काय? संबंध आपल्या कामाच्या पद्धतीशी आहे. इतिहासाचा अभ्यास म्हणजे बव्हंशी दोन कागद शेजारी ठेवून वाचणे. एका बाजूला मोडी पत्राची छायाप्रत, दुसऱ्या बाजूला तिचे देवनागरी लिप्यंतर. किंवा एकाच बखरीच्या दोन प्रती. नजर सतत दोहोंमध्ये येरझारा घालते. एकाच लहान पडद्यावर खिडक्या मागेपुढे करीत हे काम करताना एखादी ओळ निसटते, आणि निसटलेली ओळ पुढच्या वाचकाला कधी दिसतच नाही.

३/
पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती, तेव्हा याच गरजेवर कागदी उपाय योजला होता. मोठ्या तक्त्यावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील पाठभेद अक्षराखाली अक्षर येईल असा मांडायचा. वि. सी. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये. अनेक पोथ्या एकाच वेळी नजरेसमोर असणे ही तेथे चैन नव्हती, ती पद्धतच होती.

४/
संगणकाच्या कल्पनेतही हा विचार फार लवकर आला. जुलै १९४५ मध्ये व्हॅनेव्हार बुश या अमेरिकी अभियंत्याने ‘अटलांटिक मंथली’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. मेज, त्याच्या पोटात मायक्रोफिल्मवर साठवलेले ग्रंथ, आणि वर वाचनासाठी तिरपे पडदे. दोन मजकूर शेजारी शेजारी दिसावेत आणि कळ दाबून ते एकमेकांशी जोडता यावेत, हा त्याचा गाभा होता. ते यंत्र कधी बांधले गेले नाही. पण संशोधकाच्या मेजावर एकाहून अधिक पडदे हवेत, ही कल्पना घरगुती संगणकाहून तीन दशकांनी जुनी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

५/
आता प्रत्यक्ष यंत्रांकडे वळू. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीसाठी दोन प्रकारची चित्रकार्डे मिळत : एक केवळ एकरंगी मजकुराचे, दुसरे रंगीत आकृत्यांचे. दोन्ही कार्डे संगणकाच्या स्मृतीत वेगवेगळ्या पत्त्यांवर राहत, त्यामुळे ती एकाच यंत्रात सुखाने नांदू शकत. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या प्रणालीत एका मॉनिटरवर आकड्यांचा तक्ता आणि दुसऱ्यावर त्याचा आलेख पाहता येई. दोन पडद्यांचे टेबल तेव्हापासूनचे आहे.

६/
१९८७ मध्ये अॅपलने ‘मॅकिंटॉश टू’ काढला. त्याच्या पेटीत सहा कार्डांची सोय होती. प्रत्येक चित्रकार्डाला एक मॉनिटर जोडला की ते सगळे मिळून एकच सलग कार्यपट होई. खिडकी एका मॉनिटरवरून ओढत दुसऱ्यावर नेता येई. विंडोजमध्ये ही सोय मुळातून यायला ‘विंडोज ९८’ उजाडावे लागले. त्यात नऊ मॉनिटरपर्यंत मुभा होती. या काळाचा नियम डोळ्यांना दिसणारा होता. जितकी कार्डे तितके पोर्ट, आणि जितके पोर्ट तितके मॉनिटर.

७/
लॅपटॉप आला आणि हा नियम मोडला. पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या यंत्रात कार्डे खोचायला जागा कोठून आणायची? ऑक्टोबर १९९२ मध्ये अॅपलने त्यावर एक नाट्यमय उत्तर दिले. ‘पॉवरबुक ड्युओ’ हा दोन किलोंहून कमी वजनाचा लॅपटॉप; त्याला फ्लॉपीची सोयसुद्धा नव्हती. टेबलावर मात्र ‘ड्युओ डॉक’ ही पेटी. मिटलेला लॅपटॉप तिच्या तोंडाशी धरला, की व्हीसीआरने कॅसेट गिळावी तशी ती त्याला मोटरच्या साहाय्याने आत ओढून घेई. पेटीत मॉनिटरचा पोर्ट आणि शिवाय दोन कार्डांची जागा. बाहेर फिरताना हलका, घरी आल्यावर पूर्ण संगणक : डॉकिंगची कल्पना इथे संपूर्ण स्वरूपात दिसते.

८/
पुढची दोन दशके कार्यालयांत अशाच डॉकचे राज्य होते. लॅपटॉपच्या तळाला किंवा पाठीला एक रुंद, अनेक टोकांची जोडणी असे आणि ती प्रत्येक कंपनीची, पुष्कळदा प्रत्येक मालिकेचीही, निराळी असे. लॅपटॉप बदलला की डॉक अडगळीत जाई. ही उधळपट्टी होती, यात शंका नाही. पण त्या व्यवस्थेत एक प्रामाणिकपणाही होता. चुकीचे डॉक बसतच नसे.

९/
रेल्वेचा इतिहास वाचणाऱ्यांना इथे मनमाड आठवेल. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा आणि निजामाच्या मुलखातून येणारा मीटरगेज १००० मिलिमीटरचा. एकाचा डबा दुसऱ्यावर चढणे अशक्य, म्हणून माल उतरवून पुन्हा भरावा लागे. त्रास मोठा होता, पण तो उघड होता. दोन रुळांतले अंतर हमालाला आणि व्यापाऱ्याला सारखेच दिसत होते. जुन्या डॉकची विसंगती या जातीची.

१०/
दरम्यान चित्र वाहून नेणारे पोर्टही बदलत होते. १९८७ चे व्हीजीए, १९९९ चे डीव्हीआय, २००२ चे एचडीएमआय, २००६ चे डिस्प्लेपोर्ट. पहिल्या तिघांत एका पोर्टमधून एकच चित्र वाहते. डिस्प्लेपोर्टची रचना वेगळी होती. त्यात चित्राचे लहान लहान पुडे करून पाठवले जातात. टपालाच्या एकाच थैलीत दोन गावांची पत्रे घालावीत, तसे एका तारेतून दोन मॉनिटरचे पुडे पाठवणे त्यामुळे शक्य झाले. २०१० च्या १.२ आवृत्तीत ही सोय अधिकृतपणे आली. तिचे नाव ‘मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट’, म्हणजेच एमएसटी. आजच्या बहुतेक मध्यम किमतीच्या डॉकच्या पोटात थैली फोडून पत्रे वाटणारा हाच पोस्टमन बसलेला असतो.

११/
२०११ मध्ये इंटेल आणि अॅपल यांनी थंडरबोल्ट आणले. त्याने चित्र आणि इतर विदा एकाच तारेत एकत्र आणले. २०१४ मध्ये यूएसबी-सी या जोडणीचा आकार निश्चित झाला. लहान, लंबगोल, उलटसुलट कसाही बसणारा, २४ टोकांचा. त्याच वर्षी या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचे चित्र पाठवण्याची रीत ठरली, आणि २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ ने हाच आकार स्वीकारला. वीज, विदा, चित्र : सर्वांसाठी एकच दार. आकाराच्या एकीकरणाचा हा मोठा विजय होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१२/
पण दार एक झाले म्हणून दारामागचे घर एक झाले नाही. यूएसबी-सीमध्ये वेगवान विदेसाठी चार मार्गिका असतात. डॉक जोडल्यावर त्यांची वाटणी होते. चारही मार्गिका चित्राला दिल्या तर डॉकवरच्या यूएसबी पोर्टांना जुन्या यूएसबी २.० चा मंद वेग उरतो. दोन चित्राला आणि दोन विदेला दिल्या तर हार्ड डिस्क वेगाने चालते, पण चित्राची वाट निम्म्याने अरुंद होते. ही वाटणी डॉक बनवणारा ठरवतो. घेणाऱ्याला ती खोक्यावर क्वचितच वाचायला मिळते.

१३/
थोडा हिशेब करू, कारण सगळा घोळ या हिशेबात आहे. ‘फोर-के’ मॉनिटरवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी २४ बिट, आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नवे. गुणाकार जवळजवळ १२ गिगाबिट येतो. डिस्प्लेपोर्ट १.२ ची एक मार्गिका सेकंदाला ४.३२ गिगाबिट उपयुक्त विदा वाहते. दोन मार्गिकांत ८.६४ गिगाबिट मावतात. म्हणजे अशा डॉकवर एक फोर-के मॉनिटरसुद्धा पूर्ण गतीने चालणार नाही. तो सेकंदाला ३० चित्रांवर उतरतो आणि माउसचा बाण अडखळत चालू लागतो.

१४/
चारही मार्गिका दिल्या तर १७.२८ गिगाबिट. एक फोर-के मॉनिटर आरामात, दोन मात्र नाहीत. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर चार मार्गिकांत २५.९२ गिगाबिट मावतात, तेव्हा कोठे दोन फोर-के मॉनिटर पूर्ण गतीने जेमतेम बसतात. चित्राचे आकुंचन करण्याची सोय दोन्ही टोकांना असेल तर यापुढेही जाता येते. याउलट फुल-एचडी मॉनिटरला सुमारे ३ गिगाबिट पुरतात. असे दोन मॉनिटर त्या अरुंद, दोन मार्गिकांच्या डॉकवरही निर्वेध चालतात. तेव्हा ‘हे डॉक दोन मॉनिटर चालवते’ हे विधान खरेही असू शकते आणि निरुपयोगीही.

१५/
आता लॅपटॉपच्या बाजूने पाहा. एकाच आकाराच्या पोर्टमागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात : केवळ वीज आणि विदा, चित्र मुळीच नाही, डिस्प्लेपोर्टची जुनी आवृत्ती, डिस्प्लेपोर्टची नवी आवृत्ती, किंवा ४० गिगाबिट क्षमतेचे थंडरबोल्ट. एकाच लॅपटॉपच्या दोन यूएसबी-सी पोर्टांतही हा भेद असू शकतो. डावीकडच्या पोर्टमध्ये डॉक चालते आणि उजवीकडच्यात गप्प बसते, असे झाल्यावर बहुतेक लोक डॉक बिघडले असे समजतात.

१६/
याशिवाय कार्यप्रणालीची स्वतःची मर्जी. विंडोज एमएसटी जाणते. मॅकओएस मात्र एमएसटीद्वारे दोन वेगळे विस्तारित पडदे देत नाही; त्यामुळे एमएसटीवर चालणारे डॉक मॅकला जोडले की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटते. २०२० च्या एम-१ मॅकबुक एअरला तर अधिकृतपणे एकच बाह्य मॉनिटर जोडता येत असे. एम-३ च्या एअरमध्ये झाकण मिटून दोन आले, आणि झाकण उघडे ठेवून दोन यायला २०२५ च्या एम-४ ची वाट पाहावी लागली.

१७/
या बंदीवर एक पळवाट आहे. डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्रात लॅपटॉपवरील ड्रायव्हर चित्राचे आकुंचन करून ते साध्या यूएसबी विदेसारखे पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. त्यामुळे जेथे पोर्टमधून चित्र येतच नाही तेथेही मॉनिटर चालतात. किंमतही मोजावी लागते. प्रोसेसरवर भार पडतो, संरक्षित चित्रपट पुष्कळदा काळे दिसतात, आणि ग्रंथालयाच्या किंवा विभागाच्या संगणकावर ड्रायव्हर बसवण्याची परवानगी नसेल तर सारेच खुंटते. तरीही दुकानात हे डॉक आणि थंडरबोल्टचे डॉक एकाच फळीवर, एकाच शब्दांत विकले जाते.

१८/
नावांनी या गोंधळात भर घातली. २००८ मध्ये आलेल्या ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० ला पुढे ‘३.१ जेन १’ म्हटले गेले, आणि त्यानंतर ‘३.२ जेन १’. वस्तू तीच, नावे तीन. एकाच सरदाराला तीन पत्रांत तीन किताबांनी संबोधले असेल तर नवखा अभ्यासक तीन माणसे मोजतो. ग्राहकाची अवस्था तशीच झाली. नावे देणारी यूएसबी-आयएफ ही संस्था उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांचीच आहे, ही गोष्ट साधन-चिकित्सा शिकणाऱ्यांनी नजरेआड करू नये.

१९/
मनमाडची उपमा इथे अपुरी पडते. यूएसबी-सीची विसंगती जुन्या मापांसारखी आहे. मण, पायली, खंडी हे शब्द सगळीकडे एक होते, पण त्यांतले धान्य परगण्यागणिक बदलत असे. कागदावर ‘दहा मण’ वाचून दोन गावांचा हिशेब जुळवणारा फसतो, कारण शब्द सारखा आणि माप निराळे. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत आणली, तेव्हा केवळ नावे बदलली नाहीत; नावामागचे माप बांधून दिले. यूएसबी-सीने नाव आणि आकार बांधून दिला, माप मोकळे सोडले.

२०/
उलट बाजूचे म्हणणे न्याय्यपणे मांडले पाहिजे. प्रत्येक पोर्टने सर्व काही केलेच पाहिजे असा आग्रह धरला असता तर स्वस्त फोन आणि स्वस्त लॅपटॉप महागले असते, आणि मग कदाचित हा आकार इतका पसरलाच नसता. ऐच्छिकता हीच त्याच्या प्रसाराची गुरुकिल्ली. मला हा युक्तिवाद पटतो. पण तो क्षमतेपुरता आहे. क्षमता ऐच्छिक ठेवली म्हणून ती सांगणेही ऐच्छिक ठेवावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. पोर्टमधून चित्र जात नसेल तर न जावो. जात नाही एवढे लिहायला कितीसा खर्च येतो?

२१/
सांगण्याची सक्ती करता येते, याचा पुरावा समोर आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये समान चार्जरचा निर्देश केला. फोन व तत्सम उपकरणांना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला; लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यात केवळ आकाराची सक्ती नाही. उपकरणाला किमान आणि कमाल किती वॅट लागतात, हे लेबलवर छापण्याचीही आहे. म्हणजे विजेच्या बाबतीत माप बांधले गेले. चित्राच्या बाबतीत मात्र ग्राहक अजून पायलीच्या काळात आहे.

२२/
भारतातही पूर्वपीठिका आहे. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी टाइप-सीसाठी भारतीय मानक प्रसिद्ध केले. त्याआधी २००६ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित लेबले आली आणि पुढे फ्रिज, वातानुकूलन यंत्रे अशा काही उपकरणांना ती सक्तीची झाली. फ्रिजचा कॉम्प्रेसर कसा चालतो हे आज कोणाला ठाऊक नसले तरी तारे मोजून घरोघर निर्णय होतो. तज्ज्ञाचे ज्ञान सामान्य माणसाच्या हाती देण्याचे ते एक साधे साधन आहे.

२३/
म्हणून मागणी एवढीच : प्रत्येक लॅपटॉपच्या पोर्टसाठी आणि प्रत्येक डॉकच्या खोक्यावर चार गोष्टी ठरावीक नमुन्यात छापल्या जाव्यात. किती स्वतंत्र मॉनिटर. कोणत्या आकारमानाचे, सेकंदाला किती चित्रांनी. कोणत्या मार्गाने, म्हणजे एमएसटी, थंडरबोल्ट की ड्रायव्हर. आणि कोणत्या कार्यप्रणालीवर. काही लॅपटॉपवर पोर्टजवळ विजेचे किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असते, हे खरे. पण ते सर्वत्र सापडत नाही, आणि मॉनिटरची संख्या ते सांगत नाही.

२४/
लेबल येईपर्यंत स्वतःचे रक्षण स्वतः करावे. डॉक घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात पाहावे : हव्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर येते का, डिस्प्लेपोर्टची आवृत्ती कोणती, थंडरबोल्ट आहे का, आणि प्रोसेसर किती बाह्य मॉनिटर चालवतो. मग डॉकचे पत्रक ‘एका मॉनिटरसह’ आणि ‘दोन मॉनिटरसह’ असे वेगवेगळे आकडे देते का ते पाहावे. देत नसेल तर ते डॉक घेऊ नये. शेवटी डॉकसोबत आलेलीच केबल वापरावी. केवळ चार्जिंगसाठी बनलेली यूएसबी-सी केबल दिसायला तशीच असते आणि चित्र मुळीच नेत नाही.

२५/
हा प्रश्न श्रीमंत कार्यालयाला फारसा बोचत नाही. तेथे चुकलेले डॉक बदलून मिळते. तो बोचतो मानधनावर लिप्यंतर करणाऱ्याला, शिष्यवृत्तीतून एकदाच खरेदी करू शकणाऱ्या विद्यार्थिनीला, आणि अनुदानाच्या एका ओळीत संपूर्ण वाचनकक्ष बसवू पाहणाऱ्या लहान संग्रहालयाला. आज महाराष्ट्रातील जुने कागद झपाट्याने पडद्यावर येत आहेत. ते वाचणारे हात बहुधा याच लोकांचे आहेत.

२६/
मित्रहो, मानक हाही एक दस्तऐवज असतो. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय लिहायचे टाळले, हे तीन प्रश्न आपण सनदांना विचारतो, तसे यालाही विचारावेत. आता एक लहानसे काम. आपल्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टजवळ नेमके कोणते चिन्ह आहे, किंवा काहीच नाही, ते पाहा आणि खाली लिहा. पाहणी अगदी लहान असेल, पण मागणी करताना हाती काही नोंदी असलेल्या बऱ्या.